लांब फॉर्म टप्प्याटप्प्यानं कसा उघडायचा: कापूस नोंदणीचं उदाहरण घेऊन

मागच्या हंगामात एका शेतकरी कंपनीसाठी कापूस विक्रीच्या नावनोंदणीचा फॉर्म केला. रकाने ३४. एवढं सगळं एकदम दिसलं तर लोक घाबरतील म्हणून आम्ही त्याचे सहा तुकडे केले, प्रत्येकाखाली ‘पुढे’ असं बटन लावलं आणि काम झालं असं समजलो. मग यवतमाळकडच्या एका गावात पारावर बसून एका कास्तकाराच्या हाती फोन दिला. चौथ्या पानावर त्यांनी तो खाली ठेवला. “पोट्टे हो, मी कापूस इकाले आलो का पेपर सोडवाले?”

प्रश्न तेवढेच होते. आम्ही त्यांना फक्त रांगेत उभं केलं होतं.

ही चूक मला सगळीकडे दिसते, म्हणून पुढचं सविस्तर लिहितो आहे. टप्प्याटप्प्यानं माहिती उघडायची म्हणजे माणसाला या घडीला जेवढं लागतं तेवढंच समोर ठेवायचं आणि बाकीचं जिथं लागेल तिथं, हाताला येईल असं ठेवायचं. त्यासाठी कोणतं बटन कुठं लावायचं हा प्रश्न फार नंतरचा. अर्ध्याहून जास्त काम फोनला हात लावण्याआधी कागदावर होतं.

तयारी

१. एका चिठ्ठीवर एक प्रश्न

फॉर्ममधला प्रत्येक रकाना वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ३४ रकाने तर ३४ चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे चार गोष्टी नोंदवा:

- हा प्रश्न सगळ्यांना लागतो की काहींनाच?
- उत्तर कुठं आहे: डोक्यात, खिशात, घरच्या पेटीत, की दुसऱ्याच माणसाकडे?
- उत्तर आत्ताच हवं, की कापूस गाडीत भरण्याच्या आदल्या दिवशी दिलं तरी चालेल?
- उत्तर चुकलं तर कोणाचं काय नुकसान होईल?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. गावाचं नाव डोक्यात असतं. आधार कार्ड खिशात असतं, निदान फोनमध्ये त्याचा फोटो तरी असतो. सातबारा घरी असतो, आणि तोही मागच्या वर्षीचा. जमिनीच्या सामाईक खात्यातल्या भावाची सही पुण्याला असते, कारण भाऊ कंपनीत कामाला आहे. या चार उत्तरांना एकाच पानावर एकाच रांगेत बसवलं की माणूस अडकतोच.

ऑफिसात बसून या चिठ्ठ्या भरू नका. बाजाराच्या दिवशी सेवा केंद्राबाहेरच्या बाकड्यावर दोन-तीन तास बसा. लोक कोणत्या कागदासाठी परत घरी जातात ते मोजा. आमच्या अर्ध्या चिठ्ठ्यांच्या मागची उत्तरं तिथंच बदलली.

२. आधी काटा, मग लपवा

नको असलेला प्रश्न ‘अधिक’ या बटनामागे ढकलला तरी तो नकोच असतो. आमच्या ३४ पैकी ११ चिठ्ठ्या सरळ फाडल्या. काही उदाहरणं देतो.

जिल्हा, तालुका, पिनकोड हे तिन्ही उडाले, कारण गाव निवडलं की तिन्ही आपोआप कळतात. एक मात्र सांभाळा. पिंपळगाव, वडगाव अशा नावांची गावं जागोजाग आहेत, त्यामुळे यादीत गावाच्या नावाला लागून तालुका दिसलाच पाहिजे.

जन्मतारीख उडाली, कारण ती कशासाठी हवी हे कंपनीत कोणालाच सांगता आलं नाही. “पहिल्यापासून आहे” एवढंच उत्तर मिळालं.

बँकेचा आयएफएससी कोड बहुतेकांसाठी उडाला. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जात असतील तर ते आधार क्रमांकावरूनच पोचतात, कोड लागत नाही. ज्यांना दुसऱ्या खात्यात पैसे हवेत त्यांनाच तो विचारायचा.

> तपासा: उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीबद्दल “हे उत्तर वाचून नंतर कोण काय करतं?” असं विचारा. नाव घेऊन माणूस सांगता आला नाही तर चिठ्ठी फाडा.

३. जे कधीच लपवायचं नाही त्याचा वेगळा गठ्ठा

इथली चूक सगळ्यात महाग पडते. ती आम्हीच केली, म्हणून सांगतो.

हमीभावाच्या खरेदीत कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. हा मजकूर आम्ही ‘अटी व माहिती’ नावाच्या घडीत, म्हणजे बोट लावल्यावरच उघडणाऱ्या भागात, ठेवला होता. पान कसं मोकळं, सुटसुटीत दिसत होतं! दिवाळीनंतर सकाळच्या दवात वेचलेला कापूस घेऊन एक जण गाडीभाडं भरून केंद्रावर आला आणि तसाच परत गेला. ती घडी त्यानं उघडलीच नव्हती. त्यात त्याचा काय दोष?

तेव्हापासून तीन प्रकारच्या गोष्टी घडीत जात नाहीत:

- पैसे कापले जाणार असतील ते
- शेवटची तारीख
- माल किंवा अर्ज परत का जाऊ शकतो ते

या तिन्ही गोष्टी पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, एकेका ओळीत. ओलाव्याच्या ओळीखाली ‘ओलावा कसा तपासतात?’ हे घडीत चालेल. मर्यादा मात्र बाहेरच हवी.

रचना

४. क्रम लावा: डोक्यातलं आधी, पेटीतलं शेवटी

आता चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरानुसार लावा. डोक्यातली उत्तरं पहिल्या टप्प्यात, खिशातली दुसऱ्या, घरची तिसऱ्या, दुसऱ्या माणसाकडची सगळ्यात शेवटी. आमच्याकडे चार टप्पे झाले: तुम्ही, वावर, पैसे, तपासणी.

यातही एक मेख आहे. सातबारा शेवटी मागायचा, पण तो लागणार हे आधीच सांगायचं. नाहीतर माणूस वीस मिनिटं खपवून तिसऱ्या टप्प्यावर येतो आणि मग त्याला कळतं की कागद घरी आहे. प्रश्न उशिरा आणि सूचना लवकर, हे दोन्ही एकत्र पाळावं लागतं. पहिल्या पानावर आम्ही एवढंच लिहिलं: “आधार आणि यंदाचा सातबारा जवळ ठेवा. सातबारा नसेल तरी सुरू करा, तो नंतर जोडता येतो.” दुसरं वाक्य टाकल्यावर पहिल्याच पानावरून परत जाणारे बरेच लोक थांबले.

> थांबा: ‘७ पैकी ३’ असा आकडा लावण्याआधी विचार करा. उत्तरांप्रमाणे पानं वाढत असतील तर सातची नऊ होतात आणि माणसाचा विश्वास उडतो. त्यापेक्षा टप्प्यांची नावं वर दाखवा. ती बदलत नाहीत.

५. फाटे फोडा, पण दोनच पातळ्यांपर्यंत

काहींनाच लागणारे प्रश्न आता हातात घ्या. कापूस नोंदणीत मोठे फाटे दोन निघाले: जमिनीचं खातं सामाईक आहे का, आणि वावर स्वतःचं आहे की मक्त्यानं (भाड्यानं) किंवा बटईनं (वाट्यानं) केलेलं.

फाट्याचा प्रश्न साधा, हो-नाही असा ठेवा. उत्तर ‘हो’ आलं की पुढचे प्रश्न त्याच्या अगदी खाली, थोडे आत सरकवून उघडा. ते पानाच्या तळाशी उघडले तर बोटाखालचा पडदा हललेला माणसाला दिसतच नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर काहीच उघडू नका, “लागू नाही” असा करड्या रंगाचा रकानासुद्धा नको. करडे रकाने पाहून लोक विचारतात, “हे माझं बंद काहून आहे?”

फाट्याच्या आत आणखी एक फाटा निघत असेल तर थांबा. उघडण्याच्या दोनापेक्षा जास्त पातळ्या झाल्या की लोक वाट चुकतात, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलंय आणि पारावर बसलं की अर्ध्या तासात त्याची खात्री पटते. तिसरी पातळी लागतेच आहे असं वाटलं तर बहुतेक वेळा वरचा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. आमचं तसंच झालं. ‘वावर कोणाचं?’, त्यात ‘मक्ता लेखी की तोंडी?’, त्यात ‘मालक गावात आहे का?’ अशी उतरंड होती. शेवटी एकच प्रश्न उरला: “मालकाची सही आणू शकता का?” कंपनीला तेवढंच हवं होतं.

उत्तर बदललं तर काय होतं, तेही आत्ताच ठरवा. कोणी ‘सामाईक आहे’ म्हणून भावाचं नाव भरलं, मग उत्तर ‘नाही’ केलं, तर ते नाव पडद्यावरून गेलं पाहिजे आणि अर्जासोबतही जाता कामा नये. पण माणसानं पुन्हा ‘हो’ केलं तर ते परत दिसावं. चुकून बोट लागतं. टाईप केलेलं नाव त्या एका बोटापायी पुसलं जाऊ नये.

६. मदत त्या रकान्याजवळच, आणि आकड्यासकट

वर कोपऱ्यातल्या ‘मदत’ या पानावर कोणी जात नाही. मदत अडचणीला लागून हवी. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे क्षेत्राचा रकाना.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. ‘१.२०.००’ म्हणजे १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास ३ एकर. पण आपल्याकडे बोलणं एकरात चालतं आणि एकराचे गुंठे ४०. त्यामुळे माणूस १.२० वाचतो आणि ‘१ एकर २० गुंठे’ समजतो, म्हणजे दीड एकर. क्षेत्र थेट निम्मं! त्याच हिशेबानं किती क्विंटल कापूस घ्यायचा ते ठरणार असेल तर उरलेला माल घेऊन तो कुठं जाणार?

आमचा पहिला उपाय म्हणजे रकान्यापुढे एक छोटं ‘i’ चिन्ह. त्यावर बोट लागलं की आठ ओळींचा परिच्छेद उघडायचा. एकानंही तो वाचला नाही, आणि ते चिन्ह काय आहे हेही कोणाला कळलं नाही. नंतर असं केलं:

१. ‘क्षेत्र’ या एका रकान्याऐवजी ‘हेक्टर’ आणि ‘आर’ असे दोन रकाने.
२. त्यांच्यावर सातबाऱ्याच्या त्या भागाचा छोटा फोटो, आकड्याभोवती गोल केलेला. हा उघडाच, घडीत नाही.
३. आकडे भरताच खाली ओळ उमटते: “म्हणजे सुमारे ३ एकर. बरोबर?”
४. ‘नाही’ दाबलं तरच एकर-गुंठ्याचं कोष्टक उघडतं.

एकर वाचला की माणूस लगेच सांगतो, बरोबर की चूक. आठ ओळी समजावण्यापेक्षा त्याला ओळखीचं माप समोर ठेवणं सोपं. आणि कोष्टक फक्त ज्याला लागतं त्यालाच दिसतं. टप्प्याटप्प्यानं उघडणं ते हेच.

घडीच्या बटनावर ‘अधिक माहिती’ असं लिहू नका. आत काय आहे ते लिहा: ‘आठ-अ कुठं मिळेल?’, ‘पैसे किती दिवसांत?’ बटनाचा मजकूर वाचून माणसाला ते न उघडण्याचाही निर्णय घेता आला पाहिजे.

बँकेच्या रकान्याबद्दल थोडक्यात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली, पण पेटीतल्या पासबुकावर जुनंच नाव आहे. शोधात दोन्ही नावं सापडली पाहिजेत. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. लोक तिथं इंग्रजी ‘ओ’ टाकतात. त्यांना लाल अक्षरात रागवण्याऐवजी तुम्हीच गुपचूप शून्य करा.

बांधणी

७. रेंज गेली तरी पुढचा टप्पा उघडला पाहिजे

वावरात रेंज असते ती धुऱ्यावरच्या एका झाडाखाली. पुढचे प्रश्न सर्व्हरवरून येणार असतील तर ‘पुढे’ दाबल्यावर चक्र फिरत राहतं आणि माणूस बटन दहा वेळा दाबतो. सगळे प्रश्न पहिल्यांदाच फोनमध्ये उतरवून ठेवा, दाखवा मात्र एकेक. प्रत्येक रकान्यातून बोट उचललं की उत्तर फोनमध्ये जतन करा, ‘जतन करा’ असं वेगळं बटन नको.

फोन बहुतेक घरात दोघा-तिघांचा असतो. अर्धवट राहिलेला अर्ज उघडताना वर नाव दाखवा, नाहीतर सासऱ्याच्या अर्जात सुनेचं आधार जातं.

८. बंद घडीतली चूक

कोणीही न तपासणारी जागा. एखादा रकाना घडीत आहे, तो चुकलाय, आणि माणूस ‘पाठवा’ दाबतो. काहीच होत नाही, कारण लाल ओळ बंद घडीच्या आत उमटली आहे. तीन गोष्टी करा: चूक असलेली घडी आपोआप उघडा, पडदा तिथं नेऊन थांबवा, आणि पाठवण्याच्या बटनावरही एका ओळीत सांगा की अडचण कोणत्या टप्प्यात आहे. भरणं बंधनकारक असलेला रकाना तर घडीत ठेवूच नका.

पडदा वाचून दाखवणारी सोय वापरणारे लोक खेड्यातही आहेत. घडी उघडी आहे की बंद, हे त्या सोयीला कळलं पाहिजे. वेबवर असाल तर ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ हे तयार टॅग वापरा, ते काम फुकटात होतं. बोट लागायची जागा अँड्रॉइडच्या सूचनेप्रमाणे निदान ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) ठेवा. कापूस वेचलेली बोटं चिरलेली असतात, बारीक बाणावर लागत नाहीत.

९. शेवटचं पान सगळं उघडं

तपासणीच्या पानावर लपवाछपवी बंद. भरलेलं सगळं एका लांब पानावर, जसंच्या तसं, प्रत्येकापुढे ‘बदला’. बदल करून झाला की माणूस थेट याच पानावर परत यावा. मधल्या टप्प्यांतून त्याला पुन्हा चालवू नका. एकदा दिलेलं उत्तर दुसऱ्यांदा विचारू नका. वेब सुलभतेच्या मानकात, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, २०२३ पासून हा नियमच आहे.

> तपासा: या पानाचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाला पाठवला तर त्याला फॉर्म न उघडता सगळं कळतं का? लोक खरंच असं करतात.

१०. सेवा केंद्रावरच्या मुलासाठी वेगळं दार

इथपर्यंतचं सगळं पहिल्यांदा भरणाऱ्यासाठी होतं. पण निम्मे अर्ज तालुक्याच्या सेवा केंद्रावर बसलेला मुलगा भरतो, हंगामात दिवसाला चाळीस-पन्नास. त्याला आपला हळुवारपणा म्हणजे शिक्षा आहे. फाटे त्याला पाठ असतात, फोटो बघायचा नसतो, त्याला टॅब दाबत सरळ खाली जायचं असतं. पहिल्या आठवड्यातच त्यानं सांगितलं, “सर, जुनाच फॉर्म द्या ना.”

त्याच्यासाठी सगळे टप्पे एकाच पानावर उघडे ठेवणारं एक बटन दिलं: ‘सगळे प्रश्न एकत्र’. एकदा दाबलं की त्याच्या लॉगिनला तेच कायम राहतं. मात्र एकराची “बरोबर?” ही ओळ तिथंही ठेवली, कारण घाईत चूक त्याच्याकडूनच जास्त होते. आणि ओलाव्याची ओळ छापील पावतीवर सगळ्यात वर घेतली. समोरच्या कास्तकारानं स्क्रीन पाहिलेलीच नसते.

चाचणी

११. पाच माणसं, उन्हात

पाच जण पुरे, पण ते वेगवेगळे हवेत: एक साठीचे काका, एक घरचा कारभार पाहणाऱ्या ताई, एक मक्त्यानं करणारा, एक कॉलेजचा पोरगा, एक सेवा केंद्रवाला. बाहेर उन्हात बसवा, कारण करड्या रंगाचे घडीचे बाण उन्हात गायबच होतात. “सोपं वाटलं का?” असं विचारू नका, पाहुण्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. त्याऐवजी फोन हातातून घ्या आणि विचारा: “तुमचा कापूस परत केव्हा पाठवतील?” “पैसे कोणत्या खात्यात येणार?” सांगता आलं नाही तर तुम्ही चुकीची गोष्ट लपवली आहे.

लिहून घ्यायचं तेही मोजकंच: माणूस कुठं थांबला, कोणती घडी उघडून लगेच बंद केली, आणि कुठं दुसऱ्याला हाक मारली. तिसरं सगळ्यात उपयोगाचं. आमच्या ताईंनी फक्त एकदा मुलाला हाक मारली, ‘भोगवटादार’ हा शब्द आल्यावर. तिथं मदतीची घडी लावण्याची गरज नव्हती. शब्द बदलून ‘सातबाऱ्यावर नाव कोणाचं?’ असं केलं.

१२. हंगाम संपल्यावर चिठ्ठ्या पुन्हा काढा

घड्या किती जणांनी उघडल्या याची मोजणी ठेवली असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ती काढा. जवळपास सगळेच उघडतात ती घडी उघडी करून टाका. कोणीच उघडत नाही ती तीन कारणांनी बंद असते: एकतर नको आहे, नाहीतर तिच्या बटनावरचा मजकूर कळत नाही, नाहीतर ती चुकीच्या जागी आहे. फाडण्याआधी चार लोकांना विचारून घ्या. आमची ‘पैसे किती दिवसांत?’ ही घडी जवळपास कोणी उघडली नव्हती, पण ऑफिसच्या फोनवर तोच प्रश्न दिवसभर यायचा. ती ‘पाठवा’ या बटनाच्या वर होती. अर्ज पाठवल्यानंतरच्या पानावर नेली, तेव्हा फोन कमी झाले.